मलपृष्ठावर आत्याबाई

४ मार्च

शेंडेफळा,

मेलेला माणूस हसतो का रे?

काल तुमच्या मालिकेत वहिनीसाहेबांनी आपल्या नव्या कादंबरीचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिन, समोर सगळं कुटुंब टाळ्या वाजवतंय. "आणि त्या गर्दीत खुनी हसत होता." हे वाक्य माझ्या कादंबरीत नाही. असूच शकत नाही. माझा खुनी शेवटच्या आधीच्या प्रकरणात पाण्याच्या टाकीत पडून मेलाय. सकाळी दात घासायच्या आत प्रकाशकांचा फोन. "बाई, टीव्हीवर वाचलं म्हणजे ते पुस्तकात असायलाच हवं. लोक दुकानात आधी शेवटचं पान उघडून बघतात. जिवंत करा त्याला." मी म्हटलं, अहो, त्याचं शवविच्छेदन झालंय. तर म्हणतात, "मग ते काढून टाका."

हे सगळं तुला फोनवरच ऐकवलं असतं. पण कथा बाहेर फुटू नये म्हणून स्टुडिओच्या दाराशी तुमचे फोन काढून घेतात, आणि संध्याकाळी परत मिळाला की बहिणीचं नाव बघून तू तो उचलत नाहीस. म्हणून प्रकाशकांच्या पार्सलात, मुद्रितांच्या गठ्ठ्यात हे पत्र कोंबलंय. लेखकांच्या खोलीत सगळ्यांसमोर उघडू नकोस. पुढे शिव्या आहेत.

या खड्ड्यात मला ढकललंस तूच. "ताई, आमच्या मालिकेतली मोठी सून कादंबऱ्या लिहिते. चॅनेलला त्या खऱ्याखुऱ्या छापायच्यात. तू मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलंस, लिहितेसही. तुला सहज जमेल." जमलं की! आता तिसरी येतेय. मुखपृष्ठावर ‘लेखिका: वहिनीसाहेब’. मागे त्या नटीचा फोटो, हातात पेन, आणि पेनाचं टोपण लावलेलं. ‘लेखिकेविषयी’ या मजकुरात तिचा न झालेला जन्म, नसलेली मुलं आणि कधीच न लिहिलेल्या कवितासुद्धा मीच लिहिल्या. आमच्या वाचनालयात तर तिला स्वतंत्र कप्पा आहे. जी बाई अस्तित्वातच नाही तिला कप्पा, आणि मी तिथे पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तर दंड.

त्यात तो करार. घरातसुद्धा बोलायचं नाही. आईला वाटतं मी वहिनीसाहेबांची फक्त मुद्रितं तपासते. काल टीव्हीसमोर बसून म्हणाली, "ती बघ, सगळ्या घराचं करून एका रात्रीत पुस्तक लिहून मोकळी. तू सहा महिने नुसत्या तिच्या चुका काढत बसतेस." मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गठ्ठ्याच्या तळाशी एक निळी फाइल आहे. ती फक्त तुझ्यासाठी. ते बाबांवरचं पुस्तक आहे. वहिनीसाहेबांच्या कादंबऱ्यांतला कुलूपवाला गुप्तहेर मी बाबांवरूनच उचलला, पण तो उसना होता. हे खरे बाबा आहेत, त्यांचं दुकान, तोंडात धरलेली किल्ली, सगळं. यात कुणाचा खून होत नाही. आयुष्यात एका पुस्तकावर माझं नाव हवंय मला, आणि ते यावर. छापून आलं की आईच्या हातात द्यायचंय. वाच, आणि खरं काय ते सांग.

तुझी (अजून तरी)
ताई

---

१५ मार्च

ताई,

शिव्या मिळाल्या. दोन नव्या होत्या, लिहून ठेवल्या. मालिकेतल्या सासूला उपयोगी पडतील.

शेवटचं वाक्य माझं नाही गं. आमच्या खोलीत आम्ही सहाजण आणि एक फळा. माझ्या वाट्याला फक्त स्वयंपाकघरातली भांडणं येतात. ते वाक्य निर्मातीणबाईंना गाडीत बसल्या बसल्या सुचलं. त्यांना म्हटलं, तो मेलाय. त्या म्हणाल्या, "मग त्याचा जुळा भाऊ असेल." खरंच, जुळा भाऊ चालणार नाही का? ओरडू नकोस, नुसतं विचारतोय.

फाइल वाचली. स्टुडिओच्या जिन्यात बसून वाचली आणि पुढच्या प्रसंगाला उशिरा गेलो. बाबा कुलूप उघडल्यावर दोन पावलं मागे सरकायचे आणि म्हणायचे, "दार तुमचं, तुम्ही ढकला." मी ते विसरलो होतो, आणि तुझ्या आधीच्या कादंबऱ्या मी कधी वाचल्याच नाहीत. तू लिहिलंस आणि मला त्यांच्या सदऱ्याला येणारा तेलाचा वासच आला. ताई, तू खरंच लेखिका आहेस. हे मी आधी म्हणायला हवं होतं.

म्हणूनच मी एक डाव टाकलाय. आत्ता सांगत नाही, नाहीतर तू मोडता घालशील. तुझं श्रेय तुला मिळालंच पाहिजे आणि ते चॅनेलनेच द्यायला हवं. महिनाभर मालिका चुकवू नकोस. आईलाही बसव.

तुझा
शेंडेफळ

---

६ एप्रिल

शेंडेफळा,

खुन्याचं निस्तरलं. त्याला निवडणुकीला उभा केला. तो टाकीत मेला तरी चौकातला फलक कुणी उतरवला नाही, आणि गर्दीत त्या फलकावर तो हसतोय. प्रकाशक म्हणाले, "वा, वहिनीसाहेबांची काय दूरदृष्टी!" मी फोन ठेवला.

आता तुझ्या डावाबद्दल. तू सांगितलंस म्हणून गेला आठवडाभर सगळी कामं टाकून टीव्हीपुढे बसले. सोमवारी वहिनीसाहेबांच्या टेबलात कोरे कागद सापडले. बुधवारी धाकट्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही एकतरी ओळ लिहिलीये का?" करारामुळे आईशी बोलता येत नव्हतं, म्हणून नुसता पदर... नुसता नॅपकिन पिळत बसले. आई मात्र खुशीत. "मला पहिल्यापासून संशय होता. टोपण न काढता कोण लिहितं?"

शुक्रवारी खरी लेखिका आली. जिन्यावरून खाली उतरली. माळ्यावरच्या खोलीत राहणारी, कुणाशी न बोलणारी, पांढऱ्या केसांची आत्याबाई! तीन वर्षं ही बाई मालिकेत फक्त खिडकी लावायला यायची. आता म्हणे वहिनीसाहेबांची तिन्ही पुस्तकं तिने लिहिली. बोटांना शाई लावलीय तुमच्या रंगभूषावाल्याने. पाची बोटांना. लिहिते की भिंती रंगवते?

इथवर मी हसून सोडलं असतं. पण मग ती म्हणाली, "आता मी माझ्या वडिलांवर लिहिणार आहे," आणि तिने कागद उघडला.

"माझे बाबा दुसऱ्यांची दारं उघडायचे आणि स्वतः कधी आत जायचे नाहीत."

ते माझं पहिलं वाक्य आहे. त्या निळ्या फाइलीतलं, फक्त तुझ्यासाठी पाठवलेल्या. माझ्या बाबांना तू कुणाच्या हातात दिलंस?

आईने टीव्हीचा आवाज कमी केला. मला म्हणाली, "हे वाक्य कुणाचं?" मी काय सांगणार? म्हटलं, आत्याबाईंचं. ती उठली आणि आत जाऊन कपाट आवरत बसली. तिला आवडलं असणार. जे माझ्या पुस्तकात वाचून तिने माझ्याकडे बघायला हवं होतं, ते तिने त्या पांढऱ्या टोपाकडे बघत ऐकलं.

उत्तर दे. पानभर तरी दे. विनोद करू नकोस.

ताई

---

११ एप्रिल

ताई,

विनोद करत नाही.

माझी कल्पना अशी होती की मालिकेत वहिनीसाहेबांचं पितळ उघडं पाडायचं आणि शेवटच्या प्रसंगात खरी लेखिका म्हणून तुलाच बोलवायचं. खरी तू, खऱ्या नावाने, कॅमेऱ्यासमोर. मी खोलीत ही गोष्ट मांडली. सगळ्यांना एकदम पटली. मला वाटलं, जिंकलो. मग निर्मातीणबाई म्हणाल्या, "उत्तम. पण तिचं काम कोण करणार?" मी म्हटलं, ती स्वतःच येईल. त्या म्हणाल्या, "छे, प्रेक्षकांना ती खरी वाटणार नाही."

इथेच सगळं फिसकटलं. मी भांडलो. त्यांना तुझी ताकद दाखवावी म्हणून पिशवीतली निळी फाइल काढली आणि पहिलं पान वाचलं. खोलीत सगळे गप्प झाले गं. चहावालासुद्धा दारात थांबला. आणि त्याच शांततेत निर्मातीणबाई फळ्यापाशी गेल्या आणि त्यांनी लिहिलं: ‘आत्याबाई, वडिलांचं पुस्तक.’ मी फळा पुसायला उठलो तेव्हा माझ्यावर सगळे हसले. घरी येऊन तुला लगेच कळवायला हवं होतं. पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

आणखी एक वाईट बातमी आहे. येत्या शनिवारी आत्याबाईंचं काम करणारी नटी तुमच्या शहरात येतेय, स्टेशनसमोरच्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात, सह्या द्यायला. मुख्य म्हणजे आईला तिथे नेऊ नकोस.

तोंड लपवून बसलेला
शेंडेफळ

---

२९ एप्रिल

शेंडेफळा,

आईला नेऊ नकोस म्हणे! तिने आठवडाभर आधी माझ्या मागे भुणभुण लावली होती. वहिनीसाहेबांचं पहिलं पुस्तक पिशवीत घातलं, चांगले बूट घातले आणि माझ्या आधी जिना उतरली.

दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जुन्या प्रतींवर ‘वहिनीसाहेब’ या नावावर चिकटपट्टी लावली होती: ‘खरी लेखिका: आत्याबाई’. ती चिकटपट्टी छापायच्या आधी प्रकाशकांनी मलाच तपासायला पाठवली होती. मी तपासून दिली. ‘खरी’ या शब्दाला माझ्या हातची बरोबरची खूण आहे.

रांगेत तासभर उभं राहून आईचा नंबर आला. नटी चांगली बाई आहे, त्यात शंका नाही. उठून उभी राहिली, म्हणाली, "आजी, काय नाव लिहू?" आई म्हणाली, "नाव नको. हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या आधीच्या बाईनेही नाही. हे माझ्या मुलीने लिहिलंय. ती काय, तिथे खांबापाशी माझी पिशवी धरून उभी आहे."

करार मी केला होता, आईने नाही, एवढंच कसंबसं डोक्यात आलं. सगळं दुकान माझ्याकडे वळलं. मी म्हटलं, झालं ते झालं, सुटले एकदाची.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या, शिट्ट्या, फोन वर करून चित्रीकरण. त्यांना वाटलं तुमच्या मालिकेचाच भाग आहे! एक मुलगी आईला म्हणाली, "आजी, तुमची एण्ट्री कधी आहे?" एकाने मला सांगितलं, "तुम्ही पिशवी फार छान धरता, अगदी खरी वाटते." आई ओरडून सांगत होती, "अहो, खरंच," आणि ती जेवढी ओरडे तेवढ्या टाळ्या. दुकानाच्या मॅनेजरने तिला पुष्पगुच्छ दिला. फक्त ती नटी हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिने सही न करता पुस्तक परत दिलं.

बसमध्ये मी आईला विचारलं, तुला कुणी सांगितलं? शेंडेफळाने?

"त्याने कशाला? पहिल्याच पुस्तकात तो कुलूपवाला कुलूप उघडून मागे सरकतो आणि म्हणतो, दार तुमचं, तुम्ही ढकला. त्या रंगवलेल्या बाईला हे कुठून कळणार?"

म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं तुला? मग बोलली का नाहीस?

"तू सांगशील म्हणून थांबले. दार तुझं होतं."

आणि ते टोमणे? एका रात्रीत लिहून मोकळी?

"चिडलीस तर सांगशील, असं वाटलं. तू चिडायचीस आणि गॅलरीत जायचीस. किती वेळा गॅलरीत जाशील? त्या दिवशी यांच्यावरचं वाक्य त्या बाईच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मात्र माझ्याने राहवेना."

इतकी वर्षं मी आईपासून लपवत होते, आणि आई माझ्यापासून. घर म्हणावं की तुमची मालिका?

ताई

---

८ मे

ताई,

धाप लागलीय, थोडक्यात लिहितो.

दुकानातलं ते चित्रीकरण निर्मातीणबाईंनी बघितलं. त्यांना आई हवीय. मालिकेत! आत्याबाईंची आई म्हणून. मी म्हटलं, ती खरं बोलत होती. सगळ्यांसमोर, टेबलावर हात आपटून म्हटलं, की ही तिन्ही पुस्तकं माझ्या बहिणीने लिहिलीत. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला, करारावर माझीच सही आहे. तू हा प्रसंग असाच लिहून काढ, हात आपटण्यासकट."

आता इथे कुणाला काही सांगायचं म्हणजे डोकं भिंतीवर आपटण्यासारखं आहे. पण एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. आत्याबाईंचं वडिलांवरचं पुस्तक येणार असं टीव्हीवर सांगून झालंय, आणि इथे कुणाकडेही पहिल्या पानापलीकडे काही नाही. फाइल मी घरी आणली. सोबत पाठवतोय. ती परत पाठवताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी बरोबर केलं. तुझ्याशिवाय आत्याबाईंना एक ओळ लिहिता येत नाही, ताई. प्रकाशकांकडे जा. या वेळी पत्र लिहू नकोस, स्वतः जा.

शेंडेफळ

---

२० जून

शेंडेफळा,

गेले. फाइल छातीशी धरून गेले आणि प्रकाशकांना म्हटलं, हे माझ्या बाबांवरचं पुस्तक आहे, यावर माझं नाव येईल. ते म्हणाले, "बाई, तुमचं नाव कोण ओळखतं? आत्याबाई म्हटलं तर दुकानात रांगा लागतील." मी म्हटलं, मग आत्याबाईंनाच लिहायला सांगा, आणि उठले. दारापर्यंत पोचले नाही तोच त्यांनी हाक मारली. एरवी मी दारापाशी घुटमळले असते. त्या दिवशी नाही घुटमळले, बाहेरच गेले. शेवटी ते मागून जिन्यात आले.

ठरलं ते असं. बाबांचं पुस्तक माझ्या नावाने, शीर्षकाइतक्याच मोठ्या अक्षरांत. बदल्यात आत्याबाईंना मी दुसरे वडील लिहून देणार. चांगले बोटीवरचे कप्तान देते त्यांना, वादळात बुडवते, निर्मातीणबाईंना आवडेल. आईने मालिकेत काम करायला साफ नकार दिला. म्हणाली, "एवढा रंग कोण लावून घेईल?"

पण प्रकाशकांनी एक अट घातलीच. पुस्तक खपायला हवं, म्हणून मलपृष्ठावर आत्याबाईंचा अभिप्राय हवा. ‘या नव्या लेखिकेचं मी स्वागत करते’ वगैरे. आता सांग, आत्याबाईंचा अभिप्राय कोण लिहिणार? मीच! माझ्या पुस्तकाची, नसलेल्या बाईच्या तोंडून, स्वतःच स्तुती करायची. दोन दिवस प्रयत्न केला. प्रत्येक वाक्यागणिक कानशिलं तापत होती. ‘एक प्रामाणिक प्रयत्न’ असं काहीतरी मिळमिळीत खरडलं.

आईने ते वाचलं आणि माझ्या हातातून पेन घेतलं. टोपण काढलं. "तू ऊठ," म्हणाली, "तुला नाही जमायचं हे." मला खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. या वेळी चिडून नाही.

तिने लिहिलेला मजकूर खाली उतरवते. मुखपृष्ठ पाकिटात आहे, नाव मोठ्याने वाच.

‘या पुस्तकातल्या गृहस्थांना मी ओळखत होते. ते असेच होते. फक्त चहात साखर जास्त घ्यायचे, ते लेखिकेला माहीत नाही, कारण ते तिच्या पाठीमागे घ्यायचे. पुस्तक चांगलं आहे. भाषा चांगली आहे. शेवट फार चांगला आहे. मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी चष्मा न पुसता वाचता आलं. हिचे वडील कुलूप उघडून मागे सरकायचे, हीसुद्धा तशीच, पण या वेळी हिने दार स्वतः ढकललं.
— आत्याबाई’

प्रकाशक खूश आहेत. म्हणाले, "आत्याबाईंची शैली अगदी बरोबर पकडलीत." मी नुसती मान हलवली. या घरात श्रेय दुसऱ्याच्या नावावर जायची सवयच आहे.

‘चांगलं’ लागोपाठ तीनदा आलंय. मुद्रितं तपासताना एरवी मी दोन काढली असती. इतक्या वर्षांत आईकडून एकही मिळालं नव्हतं रे, आणि आता तीन एकदम आलीत. तिन्ही ठेवलीत.

ताई